विश्लेषण : सॉफ्टवेअर टीमच्या ‘रेट्रो’ बैठकीत सगळे गप्प का बसतात? कोल्हापूरच्या महापुराशी त्याचा काय संबंध?

शुक्रवार, दुपारचे चार. राजारामपुरीतल्या एखाद्या ऑफिसात किंवा घरच्या माडीवर लॅपटॉप उघडून बसलेले कोल्हापूरचे सॉफ्टवेअर इंजिनीअर ‘रेट्रो’च्या व्हिडिओ कॉलवर हजर होतात. टीम पुण्याची, क्लायंट परदेशातला. ‘गेल्या दोन आठवड्यांत काय चांगले झाले, काय बिघडले?’ असा प्रश्न येतो आणि शांतता पसरते. कॅमेरे बंद असतात. शेवटी कुणीतरी ‘ऑल गुड’ म्हणतो, दुसरा त्याला दुजोरा देतो आणि पंचवीस मिनिटांत बैठक संपते. खरी चर्चा नंतर व्हॉट्सॲपवर किंवा चहाच्या टपरीवर होते. तिथे मात्र सगळ्यांना सगळे माहीत असते : टेस्टिंगचा सर्व्हर दोन दिवस का बंद होता, तारीख कुणी परस्पर कबूल केली, रात्री दोनपर्यंत कोण जागले. हे सगळे बैठकीतच का बोलले जात नाही?

रेट्रो म्हणजे नेमके काय?

‘अजाइल’ पद्धतीत काम छोट्या टप्प्यांत विभागतात. ‘स्क्रम’ या तिच्या सर्वाधिक वापरातल्या प्रकारात या टप्प्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. तो एक महिना किंवा त्याहून कमी कालावधीचा असतो, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा. स्प्रिंटच्या शेवटी दोन बैठका होतात आणि अनेक ठिकाणी त्यांची गल्लत होते. ‘रिव्ह्यू’मध्ये काय तयार झाले ते दाखवले जाते. ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’मध्ये, म्हणजे रेट्रोमध्ये, ते कसे तयार झाले यावर बोलायचे असते. एक बैठक मालाविषयी, दुसरी कारखान्याविषयी. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या २०२०च्या ‘स्क्रम गाइड’नुसार महिन्याच्या स्प्रिंटसाठी रेट्रोला जास्तीत जास्त तीन तास द्यावेत. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला तास-दीड तास पुरतो.

ही पद्धत आली कुठून?

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड या ठिकाणी १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ‘अजाइल जाहीरनामा’ लिहिला. टीमने ठरावीक काळाने थांबून आपल्या कामाकडे पाहावे आणि वागण्यात बदल करावा, हे त्याच्या बारा तत्त्वांपैकी शेवटचे. त्याच वर्षी नॉर्मन कर्थ यांचे प्रकल्पांच्या आढाव्यावरचे पुस्तक आले. २००६मध्ये एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी रेट्रोचे पाच टप्पे मांडले : वातावरण तयार करणे, माहिती गोळा करणे, अर्थ लावणे, काय करायचे ते ठरवणे आणि समारोप. अमेरिकी लष्करात सराव संपताच काय ठरले होते, काय घडले, का घडले आणि पुढे काय करायचे हे विचारण्याची रीत त्याआधीपासून होती. आपल्याकडच्या तालमीत कुस्ती झाल्यावर वस्ताद पैलवानाला बाजूला घेऊन डाव कुठे चुकला ते सांगतात, तोही एक आढावाच. फरक इतकाच की तिथे वस्ताद बोलतात आणि पैलवान ऐकतो. रेट्रोत पैलवानाने बोलणे अपेक्षित असते आणि अडचण नेमकी तिथेच येते.

माणसे गप्प का राहतात?

पहिले कारण पगारवाढ. ज्या मॅनेजरच्या हाती वर्षाचे अप्रेझल आहे, तोच रेट्रोत समोर बसला असेल तर ‘माझ्यामुळे काम अडले’ असे कोण म्हणेल? ‘तुमच्यामुळे अडले’ हे तर दूरच. कागदोपत्री स्क्रम टीममध्ये वरचा-खालचा असा क्रम नाही. प्रत्यक्षात सर, मॅडम आणि ‘सीनिअर’ असतातच.

दुसरे कारण भाषा, आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज भागातून आलेली अनेक मुले मराठी माध्यमातून शिकलेली असतात. कोड लिहिताना, ईमेल करताना त्यांचे इंग्रजी अडत नाही. पण ‘मला या कामाची पद्धत पटली नाही, पण कुणाला दुखवायचे नाही’ असे नाजूक काही चारचौघांत इंग्रजीत बोलायचे म्हटले की जीभ जड होते. त्यातून बाहेर पडण्याचा सोपा शब्द म्हणजे ‘ऑल गुड’. ही शांतता समाधानाची आहे असे मॅनेजर समजतो आणि इथेच कंपनीचे नुकसान सुरू होते.

या शांततेवरचे महत्त्वाचे काम रुग्णालयांतून आले आहे. औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९०च्या दशकात उलटेच चित्र दिसले. ज्या टीमचे नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले, त्यांच्या नावावर चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. त्या टीम वाईट काम करत नव्हत्या, त्या चुका लपवत नव्हत्या. १९९९च्या शोधनिबंधात त्यांनी यासाठी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली. म्हणजे ज्या टीमच्या रेट्रोत कधीच काही बिघडलेले नसते, तिच्याबद्दल जास्त काळजी वाटायला हवी.

तिसरे कारण साधे आहे : बोलून उपयोग होत नाही. मागच्या तीन बैठकांत टेस्टिंग सर्व्हरची तक्रार झाली, तीनदा लिहून घेतली गेली आणि सर्व्हर तसाच राहिला, तर चौथ्यांदा कोण सांगेल? माझ्या मते तिन्हींत हेच कारण सर्वांत मोठे. भीती एखाद्या धीट माणसामुळे मोडते. निरुपयोगीपणाची खात्री पटली की धीट माणूसही गप्प होतो.

दोष न देता चूक सांगता येते?

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनीअरने डेटाबेसची अडचण सोडवताना चुकीच्या सर्व्हरवर ‘डिलीट’ची आज्ञा दिली. दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हर रिकामा होऊ लागला. त्याने थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग कळले की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. सहा तास आधीची एक प्रत सुदैवाने सापडली आणि तिच्यावरून काम पुन्हा उभे राहिले.

कंपनीने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि सविस्तर अहवाल जाहीर केला. त्यात त्या इंजिनीअरचे नाव नव्हते, त्याच्यावर ठपकाही नव्हता. बॅकअप बंद पडल्याचे कुणालाच का कळले नाही, दोन सर्व्हर एकसारखे दिसत असताना चूक टाळण्याची सोय का नव्हती, असे प्रश्न होते. त्याला हाकलले असते तर पाचही बॅकअप तसेच बंद राहिले असते. अशा मोठ्या घटनेनंतरच्या आढाव्याला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. रेट्रो मात्र काही कोसळलेले नसतानाही ठरल्या दिवशी होते आणि तिचा फायदाही त्यातच आहे.

कोल्हापूरच्या महापुराचा याच्याशी काय संबंध?

फसलेला आणि साधलेला आढावा म्हणजे काय, हे समजायला या शहराला परदेशी उदाहरण लागत नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता. पूर ओसरल्यावर राज्य सरकारने जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२०मध्ये तिचा अहवाल आला. जुलै २०२१मध्ये पंचगंगेने पुन्हा ५५ फुटांची पातळी ओलांडली आणि महामार्ग पुन्हा बंद झाला.

या दोन पुरांमधल्या काळात सर्वांत जास्त चर्चा कशाची झाली? अलमट्टीची. कर्नाटकातील या धरणाच्या फुगवट्यामुळे पूर येतो, असे इथले अनेक शेतकरी, कार्यकर्ते आणि काही अभ्यासक मानतात. वडनेरे समितीने अलमट्टीला जबाबदार धरले नाही. थोड्या वेळात पडलेला प्रचंड पाऊस, नदीपात्रातले अडथळे आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. हा वाद अजून मिटलेला नाही. धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकच्या प्रस्तावामुळे तो आणखी तापला आहे. तो वाद क्षुल्लक नाही, पण तो ज्या पातळीवर सुटेल ती दोन राज्यांची आणि केंद्राची आहे. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत कोणते बांधकाम होऊ द्यायचे, हा प्रश्न मात्र इथल्याच कार्यालयांत सुटणारा आहे. त्यावरची चर्चा तुलनेने कंटाळवाणी आणि गैरसोयीची, म्हणून ती मागे पडते.

प्रत्येक सॉफ्टवेअर टीमची अशी एक अलमट्टी असते. ‘क्लायंट सारखा मागणी बदलतो’, ‘दुसऱ्या टीमने वेळेत दिले नाही’, ‘सेल्सवाल्यांनी तारीख कबूल केली’. तक्रार बहुधा खरी असते. पण पूर्ण तास तिच्यावरच गेला तर टीमच्या स्वतःच्या हातातली गोष्ट, म्हणजे तिचा स्वतःचा पूररेषेतला बंगला, तसाच राहतो. रेट्रो चालवणाऱ्याने अशा तक्रारी वेगळ्या रकान्यात लिहाव्यात, त्या वर कोण नेणार ते ठरवावे आणि चर्चा परत हातातल्या गोष्टींकडे आणावी.

२०१९मधून काहीच शिकले गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जून २०२१मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बंगळूरुत कर्नाटकचे मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांची भेट घेऊन धरणांतून पाणी सोडण्याच्या समन्वयावर चर्चा केली. त्याहून साधा बदल नदीकाठच्या गावांत दिसला. प्रयाग चिखली, आंबेवाडी इथली अनेक कुटुंबे २०१९मध्ये पाण्यात अडकली होती. नंतरच्या पुरांत त्यांनी पाणी दारात येण्याची वाट न पाहता जनावरांसह आधीच गाव सोडायला सुरुवात केली. कुणाचा दोष हे न ठरताही निर्णय झाला होता : पातळी अमुक फुटांवर गेली की निघायचे. तो स्पष्ट होता, मोजता येणारा होता आणि ज्यांनी पाळायचा त्यांनीच घेतला होता.

मग बैठक जिवंत कशी करायची?

यावर इंटरनेटवर खेळांचा सुकाळ आहे. बोटीचे चित्र काढून वारा कोणता आणि नांगर कोणता ते लिहा, ‘सुरू करा-थांबवा-चालू ठेवा’ असे तीन रकाने करा, स्प्रिंटला चित्रपटाचे नाव द्या. एकसुरीपणा मोडायला ते ठीक. पण ज्या टीमचा सर्व्हर सहा महिने दुरुस्त झालेला नाही, तिला बोटीचे चित्र काढायला लावणे ही थट्टा वाटते.

सुरुवात मागच्या निर्णयांनी करावी. ठरले होते ते झाले का? झाले नसेल तर का? ही पाच मिनिटे टाळली की बाकीची पंचावन्न वाया जातात. त्यानंतर बोलण्याआधी लिहू द्यावे. पाच-सात मिनिटे सगळ्यांनी शांतपणे, नावाशिवाय, मराठी-हिंदी-इंग्रजी ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत मुद्दे टाकावेत. नाहीतर पहिला बोलणारा जे म्हणतो त्याभोवतीच चर्चा फिरते आणि पहिला बोलणारा बहुधा सीनिअर असतो. मॅनेजरने शेवटी बोलावे, काही वेळा बैठकीला येऊच नये. सूत्रसंचालन दर वेळी वेगळ्याकडे द्यावे. नव्या मुलीकडे ते गेले की तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

मतांआधी घटना मांडाव्यात. समजा, एका टीमने शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती चालू केली आणि शनिवार-रविवार दुरुस्तीत गेला. ‘टेस्टिंग नीट झाले नाही’ हे मत आहे आणि त्यावर टेस्टर लगेच बचावाला उभा राहतो. त्याऐवजी वेळापत्रक लिहावे : काम बुधवारी संपणार होते, गुरुवारी रात्री संपले. टेस्टिंगला दोन दिवस होते, पाच तास उरले. आवृत्ती पुढे ढकलायची का, हे विचारण्याचा हक्क कुणाला आहे ते ठरलेले नव्हते. आता चर्चा माणसावरून निर्णयाकडे सरकते. ‘यापुढे काळजी घेऊ’ असा निर्णय घेऊ नये, तो पाळला गेला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. ‘गुरुवारी दुपारी तीनपर्यंत टेस्टिंगला काम मिळाले नाही तर आवृत्ती सोमवारी जाईल, हे टेस्टर ठरवेल’, हा निर्णय झाला. अमुक फुटांवर पाणी आले की निघायचे, तसाच. असे एक-दोन निर्णय पुरेत. ते पुढच्या स्प्रिंटच्या यादीत इतर कामांसारखेच नाव आणि तारखेसह टाकावेत. वेगळ्या फायलीत ठेवले की ते तिथेच राहतात.

एआयमुळे काय बदलते आहे?

आता अनेक कंपन्यांत बैठकीचे शब्दन्‌शब्द टिपणारी आणि सारांश काढणारी एआय साधने आली आहेत. इतर बैठकांत ती सोयीची. रेट्रोत मात्र ‘कोण काय म्हणाले’ याची कायमची नोंद तयार होते आणि ती अप्रेझलच्या वेळी कोण उघडेल हे बोलणाऱ्याला माहीत नसते. नोंद फक्त निर्णयांची ठेवायची असेल तर रेकॉर्डिंगची गरज नाही. कॉल सुरू होताच कोपऱ्यात लाल ठिपका दिसत असेल, तर तो बंद करायला सांगणे हा त्या दिवशीचा पहिला मुद्दा असू शकतो. तो कोण मांडतो आणि त्यावर मॅनेजर काय करतो, यावरून पुढच्या तासाचा अंदाज टीमला तिथेच येतो.