होमिओपॅथीचे डॉक्टर अ‍ॅलोपॅथीची औषधं देणार? वाद नेमका काय आहे आणि विज्ञान काय सांगतं?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी २४ तासांचा संप केला. कारण होतं होमिओपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये होणारी नोंदणी.

एक वर्षाचा 'सीसीएमपी' हा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहून देता यावीत, असं सरकारचं म्हणणं आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनचा म्हणजे आयएमएचा याला विरोध आहे.

या वादावर सोशल मीडियावर दोन गट पडले. एक गट म्हणतो, 'होमिओपॅथी म्हणजे साखरेच्या गोळ्या.' दुसरा म्हणतो, 'आमच्या मुलाचा दमा याच गोळ्यांनी गेला.' पण या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. होमिओपॅथीचं औषध काम करतं का, हा एक प्रश्न. होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरने गावात अ‍ॅलोपॅथीची औषधं द्यावीत का, हा दुसरा.

गावात हा प्रश्न वेगळा का आहे?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं माकणी हे गाव निम्न तेरणा धरणामुळे ओळखलं जातं. १९९३ च्या भूकंपाने हादरलेल्या पट्ट्यातलं हे गाव. धाराशिव जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. म्हणजे आरोग्य, शिक्षण अशा निकषांवर तो मागे असल्याचं सरकारनेच मान्य केलं आहे.

या भागात मोठं दुखणं आलं की लोक लातूर किंवा सोलापूर गाठतात. ताप, खोकला, जुलाब यासाठी मात्र जवळचाच दवाखाना. अशा दवाखान्यात बसलेला डॉक्टर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेकदा बीएचएमएस किंवा बीएएमएस असतो. 'डॉक्टरचा हातगुण चांगला आहे' एवढं पेशंटला पुरतं. पाटीवरची पदवी फारसं कुणी वाचत नाही.

३० पोटेन्सी म्हणजे काय?

होमिओपॅथीची सुरुवात जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये केली. निरोगी माणसात जो पदार्थ एखादं लक्षण निर्माण करतो, तोच अतिशय थोड्या प्रमाणात दिला तर तसंच लक्षण असलेला आजार बरा करतो, हे त्यांचं मुख्य तत्त्व. औषध जितकं विरळ करत जावं तितकं ते प्रभावी होतं, हे दुसरं.

विज्ञानाची खरी अडचण या दुसऱ्या तत्त्वापाशी आहे. '३० सी' औषध बनवताना मूळ अर्काचा एक भाग ९९ भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून जोरात हलवतात. त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत. असं ३० वेळा. शेवटी मूळ पदार्थाचं प्रमाण उरतं १ वर ६० शून्यं इतक्या भागांत एक भाग.

आता तुलना करा. १८ ग्रॅम पाण्यात साधारण ६ वर २३ शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे १२ वेळा विरळ केल्यानंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडण्याची शक्यता फार कमी होते. ३० व्या वेळेपर्यंत ती जवळपास शून्य असते.

मग आयआयटी मुंबईच्या संशोधनाचं काय?

होमिओपॅथीच्या बाजूने नेहमी पुढे येणारा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. २०१० मध्ये आयआयटी मुंबईतल्या जयेश बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारी, धातूंपासून बनवलेली सहा होमिओपॅथी औषधं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासली. ३० आणि २०० पोटेन्सीतही धातूचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं त्यांनी म्हटलं.

हा निष्कर्ष लक्षवेधी होता. पण तो औषधात काय आहे याबद्दल होता, आजार बरा होतो का याबद्दल नव्हता. शिवाय धातूंचं निरीक्षण वनस्पतींपासून बनणाऱ्या शेकडो औषधांना आपोआप लागू होत नाही. औषध काम करतं की नाही हे ठरतं पेशंटवरच्या चाचण्यांमधून.

चाचण्या काय सांगतात?

१९९७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात ८९ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात होमिओपॅथीचा परिणाम केवळ प्लासिबोचा नाही, असं दिसलं. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, पण औषधासारखी दिसणारी गोळी. दोनच वर्षांनी याच संशोधकांनी दाखवलं की चाचणी जितकी काटेकोर, तितका हा परिणाम लहान होत जातो.

२००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच होमिओपॅथीच्या ११० आणि अ‍ॅलोपॅथीच्या ११० चाचण्यांची तुलना झाली. त्यातल्या मोठ्या आणि दर्जेदार चाचण्या वेगळ्या काढल्यावर होमिओपॅथीचा परिणाम प्लासिबोइतकाच उरला. अ‍ॅलोपॅथीचा टिकून राहिला. शेवटच्या गणितात होमिओपॅथीच्या फक्त ८ चाचण्या उरल्या, यावर होमिओपॅथीच्या समर्थकांनी आक्षेप घेतला.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने १७६ अभ्यास आणि ६१ आजार तपासले. एकाही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणतात, 'आमचं औषध आजारावर नसतं, माणसावर असतं. सगळ्यांना एकच गोळी देऊन चाचणी कशी होणार?' हा मुद्दा रास्त आहे, आणि तोही तपासला गेला आहे. २०१४ मध्ये प्रत्येक पेशंटला वेगळं औषध दिलेल्या ३२ चाचण्यांचा आढावा आला. तो घेणाऱ्यांमध्ये होमिओपॅथीशी संबंधित संशोधक होते. त्यात छोटा सकारात्मक परिणाम दिसला, पण विश्वासार्ह म्हणता येतील अशा चाचण्या फक्त ३ निघाल्या.

तरीही लोकांना गुण का येतो?

कारण बरं वाटणं खरं असतं, पण त्याचं श्रेय गोळीचंच असेल असं नाही. सर्दी, पाठदुखी, त्वचेचे काही विकार, लहान मुलांच्या तक्रारी आपोआप कमी-जास्त होतात. त्रास सगळ्यात वाढलेला असताना माणूस डॉक्टरकडे जातो, त्यामुळे नंतर उतार पडण्याची शक्यता मुळातच जास्त असते.

दुसरं कारण वेळेचं. होमिओपॅथीचा डॉक्टर झोप, भूक, स्वभाव, घरची काळजी सगळं विचारतो. दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देणाऱ्या ओपीडीपुढे हे पेशंटला मोठं वाटतं. अ‍ॅलोपॅथीने यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

धोका कुठे आहे?

अतिविरळ गोळीने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो उशिराने. टीबी, मलेरिया, एचआयव्ही आणि बाळांच्या जुलाबावर होमिओपॅथीवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्पष्ट केलं होतं. शेतात साप चावला तर उपाय एकच, सर्पदंशावरची लस मिळेल तो दवाखाना.

कोरोनात हा प्रश्न थेट गावात आला. जानेवारी २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने 'आर्सेनिक अल्बम ३०' ची शिफारस केली. त्यानंतर तत्कालीन ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या सुमारे ५ कोटी लोकांना या गोळ्या मोफत देण्याची घोषणा केली. या गोळ्यांनी कोरोना टळतो असं दाखवणारी भक्कम चाचणी तेव्हा उपलब्ध नव्हती.

आणि सीसीएमपीचा वाद?

२०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून अशा अभ्यासक्रमाची वाट मोकळी केली. आयएमएने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३० जून २०२५ ला मेडिकल कौन्सिलने नोंदणीची अधिसूचना काढली, विरोधानंतर ती थांबली, सप्टेंबरमध्ये सरकारने नोंदणीचे पुन्हा आदेश दिले आणि संप झाला.

गंमत अशी की या वादात होमिओपॅथीच्या गोळीचा संबंधच नाही. मागणी अ‍ॅलोपॅथीची औषधं देण्याची आहे.

समर्थक म्हणतात, एमबीबीएस डॉक्टर खेड्यात येत नाहीत. साडेपाच वर्षं शरीरशास्त्र आणि रोगनिदान शिकलेल्या माणसाला औषधांचं रीतसर शिक्षण देणं, आज चोरून चाललेल्या प्रॅक्टिसपेक्षा बरं. विरोधक म्हणतात, अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि इंजेक्शनची जबाबदारी एका वर्षात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथी डॉक्टरला निष्काळजीपणासाठी दोषी धरलं होतं. त्याने तापाच्या पेशंटला तपासण्या न करता अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली होती आणि पेशंट दगावला होता.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण खेड्यात डॉक्टर नाही, हे काही होमिओपॅथीच्या परिणामकारकतेचा पुरावा ठरत नाही. आणि होमिओपॅथीचा पुरावा कमकुवत आहे, म्हणून माकणीसारख्या गावात एमबीबीएस डॉक्टर आपोआप येत नाही.

पेशंटने काय करावं?

कायदा आणि कोर्ट काय ठरवेल ते ठरवेल. तोपर्यंत दवाखान्यात चार प्रश्न विचारता येतात. डॉक्टरची पदवी कोणती? दिलेलं औषध होमिओपॅथीचं की अ‍ॅलोपॅथीचं? औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून मिळेल का? किती दिवसांत फरक पडला नाही तर मोठ्या दवाखान्यात जायचं?

शुगर, बीपी, फिट्स किंवा टीबीची चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्यांचं नाव विचारणं हा उद्धटपणा नाही. तो पेशंटचा हक्क आहे.