वर्गांत गुण वाचून दाखविण्याची चाल

सहामाहीचे पेपर तपासून झाले म्हणजे शिक्षक ते वर्गांत घेऊन येतात व गुणांच्या क्रमानें एकेक नांव पुकारूं लागतात. पहिल्या पांच नांवांस टाळ्या पडतात. शेवटचीं पांच येईपर्यंत हंशा सुरू झालेला असतो. आपल्याकडील अनेक शाळांतून रुळलेली ही चाल बंद व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कायदा याविषयीं काय म्हणतो तें पालकांस ठाऊक असावें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलास मारणें जसें निषिद्ध केलें, तसेंच त्यास मानसिक त्रास देणेंही निषिद्ध केलें. मात्र तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरता. दहावीचीं मुलें, ज्यांच्यावर परीक्षेचा भार सर्वांत अधिक, तीं बहुधा त्याबाहेर राहतात. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निर्णयानें पुष्कळ अंशीं भरून निघाली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत निदान एक समुपदेशक असावा, सर्व नोकरवर्गास वर्षांतून दोनदां या विषयाचें शिक्षण द्यावें, आणि चारचौघांत मुलांची लाज काढणें शक्य तों टाळावें, असें त्यांत सांगितलें आहे.

समुपदेशक नेमला कीं शाळा मोकळी झाली, असें मात्र कोणी समजूं नये. त्याच्या खोलीपर्यंत मुलानें आपण होऊन जावें लागतें, आणि लाजलेलें मूल तेथें जात नाहीं. हंसरें मूल गप्प झालें, डबा तसाच परत जाऊं लागला, चाचणीच्या दिवशींच नेमकें पोट दुखूं लागलें, हें प्रथम दिसतें तें वर्गशिक्षकास. त्यानें त्या मुलास एकटें गांठून नुसतें विचारावें, व उत्तर मिळेपर्यंत थांबावें.

चुरस नसेल तर मुलें अभ्यास सोडतील, असा आक्षेप कांहीं पालक घेतात. (त्यांचीं मुलें बहुधा पहिल्या पांचांत असतात!) ज्या राज्य मंडळाचें विभागीय कार्यालय आपल्या छत्रपती संभाजीनगरांत आहे, त्यानें दहावी-बारावीची गुणवत्ता यादी केव्हांच बंद केली. मंडळानें टाकलेली यादी आपण वर्गांत कां वाचावी? शंभरांतील एका हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपण उपासनेंत आदरानें ऐकतों. आपल्या यादींत तेंच मेंढरूं शेवटीं उभें असतें.

घरींही शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याचें सोडावें. मुलाचें मन फारच खचलेलें वाटल्यास १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतही सल्ला मिळतो. मुलांनीं स्वतः तेथें बोलण्यास कांहीं हरकत नाहीं.

शाळेनें एवढें करावें: उत्तरपत्रिका घडी घालून ज्याची त्यास द्यावी, आणि काय चुकलें तें शिक्षकानें त्यास टेबलाजवळ बोलावून हळू आवाजांत सांगावें. यास दोन तास अधिक लागतील. सहामाहीनंतरच्या आठवड्यांत ते वेळापत्रकांत सहज बसतात.