चिलखताने वार चुकवावा की पचवावा?

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाने शिवाजी महाराजांवर केलेला वार चुकला नव्हता. बखरींतून आपल्यापर्यंत आलेल्या हकिकतीत शस्त्र महाराजांच्या कुशीवर बसले, पण अंगरख्याखालच्या चिलखतामुळे ते आत शिरले नाही. हाच प्रसंग जगातल्या सर्वात गाजलेल्या भूमिका-खेळाच्या नियमांनी खेळला, तर फासा पडल्यावर सूत्रधार सांगेल, ‘वार चुकला’. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि लढाईचा निकाल फाशांवर लागतो, असा हा खेळ. त्याचा पहिला नमुना, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. बेळगावात दिवाळीला घरोघरी मातीचे किल्ले उभे राहतात, शिवजयंतीला चित्ररथांची मिरवणूक निघते. हाच इतिहास मुलांना टेबलावर स्वतः निर्णय घेत खेळता यावा, असे मला मनापासून वाटते. पण त्यासाठी परक्या खेळाचा चिलखताचा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही, कारण तो मुळातच चुकीच्या जागी बसवला आहे.

तो नियम असा. प्रत्येक पात्राला बचावाचा एक आकडा असतो, त्याला ‘आर्मर क्लास’ म्हणतात. २०१४च्या आवृत्तीत चामड्याच्या चिलखताचा मूळ आकडा ११, कड्यांच्या चिलखताचा १६, तर अंगभर पत्र्याच्या चिलखताचा १८. हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपले कौशल्य मिळवतो. बेरीज समोरच्याच्या आकड्याला पोचली तर वार लागला आणि इजा पूर्ण, नाही पोचली तर काहीच नाही. यामुळे लोखंड पांघरून जागेवर उभा राहिलेला गडी आणि उघड्या अंगाने उड्या मारत वार चुकवणारा गडी, दोघांचा आकडा १६ असला की खेळाच्या दृष्टीने दोघे एकच. त्याहून मोठे नुकसान हत्यारांचे होते. शस्त्रे घडवली गेली ती समोरचे चिलखत डोळ्यांपुढे ठेवून. कट्यारीचे टोक मुद्दाम जाड ठेवत, कारण ते कड्या फोडून आत जायला हवे. गुर्जाला धार नसते, कारण त्याला लोखंड कापायचे नसून त्याखालचे हाड मोडायचे असते. तलवारीचा काप मात्र कड्यांवरून घसरतो. हे तिन्ही संबंध या नियमात कुठेच नाहीत. चिलखतासमोर सगळी हत्यारे सारखी.

उपायही जुनाच आहे. १९७८ साली आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने चिलखताला वजाबाकीचे काम दिले: वार लागतो, आणि इजेतून चिलखताचा आकडा वजा होतो. हिशेब करून पाहू. डंजन्समधल्या सुरीची सरासरी इजा अडीच, एकहाती तलवारीची साडेचार, दोन हातांनी पेलायच्या तलवारीची सात. मारणाऱ्याच्या ताकदीचे तीन प्रत्येकीत मिळवले की साडेपाच, साडेसात आणि दहा. आता चिलखताने तीन खाल्ले तर उरतात अडीच, साडेचार आणि सात. सुरीचा निम्म्याहून जास्त जोर गेला, मोठ्या तलवारीचा तीन दशांशच गेला. कट्यारीला सुरीइतकीच मूळ इजा देऊन तिच्या टोकापुढे वजाबाकी एकच धरली, तर तिचे साडेचार उरतात आणि ती थेट एकहाती तलवारीच्या बरोबरीला येते. उघड्या अंगावर तलवार सरस, चिलखतावर कट्यार तिच्या तोडीची, आणि झटापटीत तर तलवार फिरवायला जागाच नसते. हत्यार निवडताना खेळाडूला विचार करावा लागतो, तो इथून पुढे.

ढालीला मात्र मी वजाबाकी देणार नाही. गावोगावच्या वीरगळांवर हातात ढाल-तलवार घेतलेला वीर कोरलेला दिसतो, आणि कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत आजही ढाल कशी फिरवायची हे शिकवावे लागते. ढाल म्हणजे हाताची हालचाल आहे. ती वारापर्यंत पोचली तर वार अडतो, नाही पोचली तर ढाल नसल्यासारखीच. चिलखत शिकावे लागत नाही, ते झोपलेल्या माणसालाही वाचवते. म्हणून ढालीने वार लागणे कठीण करावे आणि चिलखताने लागलेला वार बोथट करावा.

वार बोथट करणारे चिलखत फार बलवान ठरते, म्हणून त्याची किंमतही नियमात यायला हवी. डंजन्समध्ये ती मुख्यतः पैशात मोजली जाते. पत्र्याच्या चिलखताला दीड हजार सुवर्णमुद्रा. पैसा एकदा दिला की संपला. खरी किंमत दर तासाला अंगातून जाते, आणि ती किती हे मुलूख ठरवतो. एप्रिल १६७३ मध्ये जतजवळच्या उमराणीला प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या आदिलशाही फौजेचे पाणी तोडले. लढाई झालीच, पण खान शरण आला तो तहानेने व्याकूळ होऊन. त्या उन्हात दहा-बारा किलोच्या लोखंडी कड्या अंगावर असलेल्या माणसाचे काय होत असेल, हे अथणी-जतच्या माणसाला सांगायला नको. उलट खानापूरच्या जंगलात, पावसाळ्याच्या चिखलात, घाम कमी पण पाय रुततात आणि लोखंड गंजते. डंजन्सच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात १०० अंश फॅरनहाइटच्या वरच्या उष्म्यात पाणी नसेल, तर जड चिलखतवाल्याला तग धरणे अवघड करणारा एक नियम आहे. चांगला नियम आहे. पण तो वाळवंटातल्या सफरीपुरता बाजूला ठेवला आहे. आपल्या मुलखासाठी तो चिलखताच्या व्याख्येतच असला पाहिजे. लढाईच्या काही फेऱ्या झाल्या की दम मोजावा, आणि पाणी जवळ आहे की नाही हे सूत्रधाराने आधी सांगावे.

पहिला आक्षेप वेगाचा. प्रत्येक वाराला वजाबाकी केली की खेळ रेंगाळतो, असे जाणकार सांगतात, आणि त्यांच्या बाजूला पुरावा आहे. १९७८च्या डंजन्सच्या पुस्तकात हत्यारागणिक आणि चिलखतागणिक वेगळे आकडे देणारा तक्ता होता. अनेक टेबलांवर तो कधी वापरलाच गेला नाही. पण मारला तो तक्त्याने, वजाबाकीने नव्हे. सातातून तीन वजा करायला चौथीतल्या मुलालाही तक्ता लागत नाही. चिलखताला दोन आकडे पुरेत, एक धारेसाठी, एक टोकासाठी. गुर्जापुढे टोकाचाच आकडा वापरावा.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक केलेला आहे. खेळातली इजा म्हणजे नुसती जखम नव्हे, तिच्यात दम, नशीब, सावधपणा सगळे येते, असे गायगॅक्स यांनी १९७९ मध्येच लिहिले होते. मग ‘चुकला’ या शब्दातच चिलखतावर अडलेला वारही धरा, असे त्यांचे अनुयायी म्हणतात. गणितात हे बसते, टेबलावर बसत नाही. खेळाडू आकडे नाही, सूत्रधाराचे शब्द ऐकतो. वार चुकला असे ऐकणारा पुन्हा तोच वार करतो. वार बसला, पण कड्यांवरून घसरला, असे ऐकणारा कट्यारीकडे हात नेतो.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर सगळ्यात अवघड आहे. वजाबाकीच्या नियमात चिलखत पुरेसे जाड असले की दुबळे शत्रू कितीही आले तरी एकही जखम होणार नाही, आणि एकटा गडी सैन्य कापत सुटेल. डंजन्समध्ये निदान फाशावर वीस पडले की वार लागतोच. हा धोका खरा आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीला २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण पडले. नियमांनी त्या सातांना जिवंत परत आणले, तर तो इतिहासाचा आणि त्यांच्या धाडसाचाही अपमान होईल. म्हणून गर्दीसाठी वेगळी तरतूद हवी. चिलखत कड्यांतून वाचवते, पण काखेत, मानेपाशी, मांडीच्या सांध्यापाशी उघडे असते. तिघांहून जास्त शत्रूंनी घेरले, घोड्यावरून खाली ओढले किंवा मिठीत धरले, की त्या फेरीपुरती वजाबाकी शून्य धरावी. प्रतापगडाच्या पायथ्याशीही अफझलखानाने मिठीत धरूनच वार केला होता. तिथे चिलखत कामी आले ते वार उघड्या सांध्यावर नव्हे, कुशीवर बसला म्हणून. तेव्हा मिठीतही पकडलेल्याला एक फासा द्यावा, वार कड्यांवर बसला की सांध्यात शिरला ते ठरवणारा. घेरलेल्या सातांना तो देऊ नये.