भ्रूण म्हणजे कच्चा माल नव्हे!

कॅमडेनमधील मराठी बंधू-भगिनींना जाहीर आवाहन



सेंट पँक्रास स्टेशनातून मिडलँड रोडवर आलात की ब्रिटिश लायब्ररीच्या मागे फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटची भव्य इमारत दिसते. आपल्यातले कित्येक जण रोज तिच्यासमोरून कामाला जातात. याच संस्थेतील डॉ. कॅथी नियाकन यांना १ फेब्रुवारी २०१६ रोजी मानवी भ्रूणाच्या जनुकांत फेरफार करून संशोधन करण्याचा परवाना मिळाला. परवाना दिला एचएफईए या भ्रूणसंशोधनाच्या सरकारी नियामक संस्थेने. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ओसीटी४ हे जनुक बंद पाडले की भ्रूणाची वाढ कोलमडते. हे शोधण्यासाठी ४१ मानवी भ्रूणांवर प्रयोग झाला. सात दिवसांनंतर त्यांची वाढ थांबवण्यात आली.

संशोधकांचा हेतू वाईट नव्हता. गर्भपात का होतात, आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन करून मूल होण्याचा उपचार) का फसते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. भ्रूण उपचारातून उरलेले होते, जोडप्यांची संमती होती, कायदाही पाळला गेला. आमचा प्रश्न एवढाच आहे: त्या ४१ जणांची संमती कोणी घेतली?

‘जण’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. स्त्रीबीज आणि शुक्राणू एक झाले की जे तयार होते ते आईचे अंग नसते आणि बापाचेही नसते. त्याची जनुके त्याची स्वतःची असतात आणि वाढीची दिशाही त्याची स्वतःची असते. तुम्ही, मी, आपली मुले, सगळे एके काळी एवढेच होतो. त्या दिवसापासून आजपर्यंत मध्ये कुठेही दुसरा कोणी येऊन आपल्या जागी बसलेला नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की सुरुवातीच्या दिवसांत भ्रूणाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, मग त्याला एक व्यक्ती कसे म्हणायचे? पण एकाचे दोन होऊ शकतात म्हणून आधीच्या एकाचे शून्य होत नाही. दुसरा आक्षेप असा की कित्येक भ्रूण निसर्गतःच टिकत नाहीत. खरे आहे. पण मृत्यू सगळ्यांनाच येतो, म्हणून कोणाला मारण्याचा हक्क मिळत नाही.

आता ‘चौदा दिवसांच्या’ नियमाकडे पाहा. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये तो सुचवला आणि १९९० च्या ब्रिटिश कायद्यात तो आला. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणात शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ उमटते, म्हणून प्रयोग तिथेच थांबावेत, असे ठरले. तेव्हा कोणत्याही प्रयोगशाळेला भ्रूण इतके दिवस जगवणे जमत नव्हते, त्यामुळे नियम कोणाला टोचला नाही. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी तेरा दिवसांपर्यंत मजल मारली आणि लगेच नियम सैल करण्याची भाषा सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द एचएफईएने मर्यादा अठ्ठावीस दिवसांवर नेण्यास पाठिंबा दिला. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? चौदाचे अठ्ठावीस होत असतील, तर अठ्ठाविसाचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपण महाराष्ट्रातून आलेली माणसे हा धडा आधीच शिकलो आहोत. सोनोग्राफी गर्भाच्या भल्यासाठी आली आणि बघता बघता मुली वेचून काढण्याचे हत्यार झाली. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. कोणता गर्भ ठेवावा आणि कोणता नको, ही निवड एकदा यंत्राच्या हाती गेली की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

याच कॅमडेनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. त्यांचे नाव आम्ही आमच्या मताला जोडत नाही. संततिनियमनाचे ते पुरस्कर्ते होते. पण माणसाची किंमत जन्मावरून ठरवू नये, हे त्यांनी आपल्याला शिकवले. मग ती वयाच्या दिवसांवरून तरी का ठरवावी?

‘मग आजाऱ्यांनी काय करायचे?’ असे विचाराल. उपाय आहेत. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींपासून स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, घडवल्या. त्यासाठी भ्रूण लागला नाही. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २०१४ मध्ये जपानमध्येच अशा पेशींपासून तयार केलेला पडदा एका रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला. अस्थिमज्जा आणि नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी तर कित्येक वर्षे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण वाचवत आहेत. शर्ली नोलन यांनी आपल्या आजारी मुलासाठी, अँथनीसाठी, १९७४ मध्ये अशा मूलपेशींच्या दात्यांची नोंदवही सुरू केली. तो अँथनी १९७९ मध्ये दाता न मिळताच गेला, पण त्याच्या नावाची संस्था आज इथेच, हॅम्पस्टेडला आहे. त्या नोंदवहीत आपल्या दक्षिण आशियाई वंशाचे दाते कमी पडतात आणि आपल्याच रुग्णांना अनेकदा जुळणारा दाता मिळत नाही.

मूल व्हावे म्हणून आयव्हीएफच्या खेपा घालणाऱ्या बहिणींना आम्ही दोष देत नाही. त्यांची वेदना आम्ही जवळून पाहिली आहे. आमचे भांडण त्यांना उपचाराच्या नावाखाली घाईने सह्या करायला लावणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

म्हणून आपल्याला तीन विनंत्या:

१. आयव्हीएफ करत असाल तर भ्रूण गरजेपुरतेच तयार करा, असे डॉक्टरांना आधीच सांगा. संशोधनासाठी भ्रूण देण्याच्या रकान्यात सही करण्यापूर्वी अर्ज घरी नेऊन नीट वाचा. नकार देणे हा तुमचा हक्क आहे.

२. होबर्न अँड सेंट पँक्रास असो वा हॅम्पस्टेड अँड हायगेट, आपल्या खासदाराला पत्र लिहा: चौदा दिवसांची मर्यादा वाढवू नका.

३. घरातल्या सोळा ते तीस वर्षांच्या मुला-मुलींची नावे अँथनी नोलनच्या नोंदवहीत घाला. गालाच्या आतून फिरवलेला एक बोळा पुरतो.

ज्याला मत नाही, आवाज नाही आणि अजून नावही नाही, त्याच्या बाजूने आपण नाही बोललो तर कोण बोलणार? आजच लिहा.

आपला,
कॅमडेनमधील एक मराठी रहिवासी