सोज्वळ दीदी आणि खिडकीतला कप

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात साखरआंब्याचं प्रमाण द्यायचं कबूल केलं होतं, ते माझ्या लक्षात आहे. पण ४ जून आला आणि लेखणी दुसरीकडेच वळली. २०२३ साली याच तारखेला सुलोचनादीदी मुंबईत गेल्या. वय ९४. साखरआंबा पुढच्या खेपेला नक्की देते, तोवर कैऱ्या काही पळून जात नाहीत.

त्या संध्याकाळी आमच्या मंगळवार पेठेत बायका दारादारांत उभ्या राहून बोलत होत्या, जणू गल्लीतलंच कुणी गेलं. दीदींना मुंबईला जाऊन किती वर्षं झाली होती! पण जयप्रभा स्टुडिओ आमच्या पेठेतला, तिथल्या दीदी, म्हणून त्या आमच्या. कोल्हापूरचा हिशेब असाच असतो. इथनं गेलेलं माणूस गेलं असं आम्ही धरतच नाही.

तसं पाहिलं तर त्या मूळच्या खडकलाटच्या. निपाणीजवळचं हे गाव. घरात सिनेमाची कसलीही परंपरा नाही, शिक्षण जेमतेम. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’मध्ये १९४३ च्या ‘चिमुकला संसार’मध्ये एक लहानसं काम मिळालं. तिथंच नोकरीला असलेल्या लताबाई मंगेशकरांशी ओळख झाली, ती जन्मभर टिकली. पुढं ‘प्रफुल्ल’चं बिऱ्हाड मुंबईला गेलं आणि ही मुलगी भालजी पेंढारकरांच्या जयप्रभात आली. सुलोचना हे नाव भालजींनी दिलेलं. डोळे पाहून दिलं म्हणतात, आणि ते पटतंच.

खरी अडचण होती ती बोलीची. सीमाभागातलं खेडवळ बोलणं, ते ऐकून स्टुडिओतली माणसं हसायची. (आता आम्हा कोल्हापूरकरांनी दुसऱ्याच्या भाषेला हसावं, म्हणजे कमालच! ‘जेवलीस काय’ हे आम्ही भांडल्यासारखं विचारतो.) भालजींनी तिच्याकडून वाचून घेतलं, उच्चार घासून घेतले, घोड्यावर बसायला शिकवलं. सारा स्टुडिओ भालजींना ‘बाबा’ म्हणायचा. तिथं नटी म्हणून आलेल्या मुलीला सगळंच शिकावं लागे. १९४६ साली ‘सासुरवास’ आला तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जयप्रभा जाळला गेला. ‘मीठभाकर’ही त्या आगीत गेला. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला, चित्रपट पुन्हा काढला आणि १९४९ साली पडद्यावर आणला. दीदी त्यात होत्या. केलेलं सगळं काम राख झाल्यावर तेच प्रसंग, तेच हसणं, तेच रडणं परत पहिल्यापासून करायचं! आपल्याकडं चुकून वरणाचं पातेलं सांडलं तर दुसऱ्यांदा फोडणी घालताना आपला काय अवतार असतो, ते आठवा. दीदींच्या ‘सोज्वळ’ चेहऱ्याचं कौतुक करताना लोक ही मेहनत विसरतात. तो चेहरा देवानं दिलेला, त्यात तिचं ते काय, असंच बोलतात.

मग ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) आला. धाकट्या दिराला मुलासारखं वाढवणारी ती वहिनी. पिढ्यान्‌पिढ्या सुनांना तिचा दाखला ऐकावा लागला आहे, मलाही. आणि १९५९ मध्ये बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्या आई झाल्या, नूतनला वाढवणारी आई. तेव्हा दीदी एकतीस वर्षांच्या आणि नूतन तेवीस. पुढं ‘जॉनी मेरा नाम’मध्ये (१९७०) त्या देव आनंदची आई होत्या. देव आनंद त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा! तिशीतच बाईला आईच्या खुर्चीत बसवलं ते कायमचं. शांत, समजूतदार माणसाचं घरातसुद्धा असंच होतं, नाही का? थोरली सून सोशिक निघाली की तिला कुणी पंचविशीची समजतच नाही.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडं येते.

माझं लग्न होऊन मी या पेठेत आले ते १९८५ साल. त्या वर्षी गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं रस्त्यावर पडदा बांधून ‘मोलकरीण’ दाखवला. चित्रपट १९६३ चा. मुलाच्याच घरात, आपण आई आहोत हे न सांगता, मोलकरीण म्हणून राबणारी आई दीदींनी केली आहे. पोती अंथरून सगळी गल्ली बसली होती. माझ्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला आमच्याकडं धुणंभांडी करणाऱ्या बाई. दोघींचे पदर डोळ्यांना लागलेले. सासूबाई तर हुंदके देत होत्या. ‘‘किती सोसलं गं बाईनं,’’ असं परत परत म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. मोरीच्या खिडकीत कान तुटलेला एक कप असायचा, त्यात सासूबाईंनी नेहमीसारखा वरून चहा ओतला. बाईंनी तो मोरीपाशी बसून प्यायला, विसळला आणि परत खिडकीत ठेवला. त्या कपाचा कुणी वाईट अर्थ काढला नाही. रीतच तशी होती. सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. त्या बाईंच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतःहून भांडी दिली होती. पण कप वेगळा.

मी नवी सून, काही बोलले नाही. हे झालं तेव्हाचं. पण नंतर सासूबाई गेल्या, बाई थकल्या, दुसऱ्या मावशी आल्या, घर माझ्या हातात आलं. मी काय केलं? तुटका कप टाकून दिला आणि त्या जागी स्टीलचा पेला आणला. खिडकी तीच. आणि मनात ‘मी सुधारणा केली’ असं समाधानही होतं!

दीदी गेल्या त्या आठवड्यात लेकानं मोबाईलवर ‘सुजाता’ लावून दिला. मी पूर्वी पाहिला होता तो नूतनसाठी. या वेळी दीदींकडं पाहत राहिले. त्यातली चारू वाईट बाई नाही. अस्पृश्य घरातली अनाथ पोर तिच्या पदरी आलेली आहे. ती तिला खाऊ घालते, मोठी करते, तिच्यासाठी जीवही तुटतो तिचा. पण पाहुण्यांना ओळख करून देताना ‘मुलगी’ हा शब्द तोंडातून निघत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. शेवटी अपघात होतो आणि तिला रक्त लागतं ते सुजाताचंच. दीदींनी चारूला खलनायिका केलं नाही. गोड चेहऱ्यानं, मऊ आवाजात ‘सारखी’ म्हणणारी बाई उभी केली. मला तो आवाज ओळखीचा वाटला. आमच्या मावशींबद्दल पाहुण्यांना मी याच सुरात सांगते, ‘‘घरच्यासारख्याच आहेत.’’

पद्मश्री (१९९९) झाली, महाराष्ट्रभूषण (२००९) झाला, तेव्हा कोल्हापुरानं दीदींच्या मायाळूपणाचं पोटभर कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. खिडकीतला पेला तेव्हाही तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी मी तो उचलला आणि मावशींना आमच्याच कपबशीतला चहा दिला. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या कप हातात घेऊन उभ्याच.

‘‘वहिनी, माझा पेला कुठं गेला?’’

‘‘ठेवून दिला आत. ह्यातच घ्या की.’’

‘‘हे फुटलं बिटलं तर तुमचा शेट मोडंल.’’

‘‘मोडू दे.’’

त्यांनी चहा घेतला, कपबशी घासली, आणि ती इतर कपांत न ठेवता खिडकीत नेऊन पालथी घातली. मी तिथनं उचलून मांडणीत लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंधरा दिवस आमचा हा खेळ चालला. तोंडानं एक शब्द नाही, नुसती कपबशी इकडून तिकडं. एवढ्या वर्षांची सवय मी मोडायला निघाले होते, आणि तीही न विचारता. मला एका मिनिटात वाटलं म्हणून त्यांनाही तसंच वाटायला हवं, हाही माझाच हट्ट.

शेवटी एके दिवशी त्यांनी स्वतःच मांडणीत लावली. मी पाहिलं नाही असं दाखवलं. आता चहा दोघींचा एकदमच होतो. खुर्ची मात्र अजून घेत नाहीत, भिंतीला टेकून खालीच बसतात. गुडघ्याला तेच बरं पडतं म्हणतात. माझे गुडघे काही त्यांच्याहून चांगले नाहीत, तरी गेल्या पावसाळ्यापासून मीही पाट घेऊन खालीच बसते.