पहिली रायफल: पैसे कुठे घालावेत?

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. तेव्हापासून माझ्यासारख्या जिल्हा पातळीवरच्या माणसालाही लोक एक प्रश्न वारंवार विचारतात, "पोराला नेमबाजी शिकवायची आहे, कोणती रायफल घेऊ?"

मी मोठा प्रशिक्षक नाही. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू चालवली, ती गोडी पुढे सुटली नाही. आता रविवारी क्लबच्या रेंजवर नव्या मुलामुलींना हाताशी धरून शिकवतो, एवढेच. मध्यंतरी ओळखीचे एक गॅरेजवाले आले. म्हणाले, "भाईजान, कर्ज काढतो, पण चांगली जर्मन रायफल सांगा. पैशापायी पोराचं नुकसान व्हायला नको." त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम दोन महिने रेंजवर येत होता. त्यांना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज त्या एका घरापुरता नाही.

माझे मत असे आहे: पहिल्या वर्षी स्वतःची रायफल घेऊच नये. त्यानंतर घ्यायची झाली तर साधी, धडधाकट आणि अंगाला बसणारी घ्यावी, आणि वाचलेला पैसा काडतुसांवर घालावा. महाग रायफलीने निशाणा लागत नाही. तो गोळ्या मारून मारून लागतो.

आधी हे हत्यार समजून घेऊ. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे. याला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगी देणारे रसायन काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या गोल ओठात भरलेले असते. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, आवाजही बेताचा. शिकणाऱ्याला हेच हवे असते. मोठ्या रायफलीवर शिकणारा धक्क्याला घाबरून आधीच डोळे मिटतो, खांदा आवळतो. ही सवय एकदा जडली की ती मोडायला वर्ष जाते. .२२ वर ती जडतच नाही.

त्याच्याही आधीची पायरी १० मीटर एअर रायफलची. तिला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त असतात, आणि श्वास, नेम व ट्रिगर यांचे गणित तिच्यावर चांगले शिकता येते. पण एअर रायफलची स्पर्धा फक्त उभ्याने होते आणि तीही बंद सभागृहात. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम कसा धरायचा, वाऱ्याने गोळी कशी सरकते, हे .२२ च कळवते.

आता महाग रायफलीचा हिशेब करून बघू. ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पूर्ण टार्गेटचा व्यास १५४.४ मिलिमीटर. साधी .२२ रायफल टेकणावर पक्की ठेवून बरी काडतुसे वापरली तर ५० मीटरवर तिच्या गोळ्या साधारण ३० मिलिमीटरच्या घोळक्यात बसतात. म्हणजे रायफलची स्वतःची चूक नऊच्या वर्तुळाच्या आसपासची. उलट सहा महिने शिकलेल्या मुलाला उभे करा, त्याच्या गोळ्या सगळ्या टार्गेटभर पसरतात, काही बाहेरही जातात. चूक मुलाच्या पायात, पाठीत आणि बोटात आहे. ३० मिलिमीटरची रायफल काढून १२ मिलिमीटरची दिली, तरी त्याचे टार्गेट तसेच दिसेल.

"पण ऑलिंपिकवाले तर जर्मन रायफलीच वापरतात ना?" असे कुणी म्हणेल. पुष्कळ जण वापरतात, हे खरे. पॅरिसच्या अंतिम फेरीत कुसाळेचे ४५१.४ गुण होते, सुवर्णपदक विजेत्या चीनच्या लिऊ युकुनचे ४६३.६. तिथे प्रत्येक गोळीचे गुण दशांशात मोजतात. त्या पातळीवर बॅरलही महत्त्वाची असते, काडतुसाचा लॉटही आणि अंगातले जाकीटही. पण तिथे पोचणारा माणूस आधी हजारो गोळ्या मारून गेलेला असतो.

स्वस्त रायफलीवर शिकण्याची पद्धत अमेरिकेत चांगली रुळली आहे. तिथे ॲपलसीड नावाच्या उपक्रमात स्वयंसेवक दोन दिवसांच्या शिबिरात सामान्य लोकांना नेमबाजी शिकवतात. अंतर फक्त २५ मीटर, टार्गेट लांबच्या अंतराच्या प्रमाणात लहान केलेले. कसोटी अशी की गोळ्या चार मिनिटांच्या कोनात बसल्या पाहिजेत. २५ मीटरवर हे सुमारे २९ मिलिमीटर होतात. तिथे पुष्कळ जण रूगर १०/२२ घेऊन येतात. १९६४ साली बाजारात आलेली ही दहा गोळ्यांच्या मॅगझिनची साधी रायफल आहे. तिच्यात हे लोक काय बदलतात? बहुतेक जण बॅरलला हातही लावत नाहीत. पट्टा अडकवायला दोन कड्या लावतात, दंडात अडकणारा रुंद कापडी पट्टा घेतात आणि कारखान्यातून आलेल्या बारीक साइट्सच्या जागी बारीक भोकाची पीप साइट बसवतात. झाली रायफल तयार.

अमेरिकेत अशी रायफल दुकानातून घेता येते, आपल्याकडे नाही, आणि ते असू द्यावे. बंदूक घरोघर असावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपण तिथला कायदा घ्यायचा नाही, फक्त खर्चाचा क्रम घ्यायचा.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. .२२ रायफलला परवाना लागतो. साधारणपणे २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय स्वतःचे शस्त्र बाळगता येत नाही. प्रशिक्षण घेणाऱ्या कमी वयाच्या खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे, ती क्लबमार्फत समजून घ्यावी. परदेशी रायफल कुणीही उठून मागवू शकत नाही, आयातीची सवलत ठरावीक पात्रतेच्या नेमबाजांनाच मिळते. म्हणून नव्या माणसापुढे खरे पर्याय तीनच: क्लबची रायफल, आयुध निर्माणीची देशी .२२, किंवा एखाद्या जुन्या नेमबाजाने परवानाधारकाला विकायला काढलेली वापरलेली मॅच रायफल. तिसरा पर्याय पुष्कळदा सर्वांत चांगला असतो. बोल्ट ॲक्शन मॅच रायफल नीट ठेवली तर .२२ च्या शिशाच्या मऊ गोळीने तिची बॅरल सहजासहजी झिजत नाही.

जुनी रायफल बघताना चार गोष्टी तपासाव्यात. बॅरलचे तोंड ठेचलेले नसावे, कारण गोळीला शेवटचा स्पर्श तिथलाच होतो. बोल्ट सैल खडखडणारा नसावा. ट्रिगर दर वेळी एकाच जोराला सुटावा. आणि मुख्य म्हणजे बट मुलाच्या अंगाला बसावी. दिसायला भारी पण वजनाने जड रायफल चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात दिली, तर तिची पाठ मागे कलते आणि ती चुकीचे उभे राहायला शिकते.

आता सुधारणा. माझ्या मते क्रम असा असावा.

पहिली गोष्ट पट्टा, म्हणजे स्लिंग. पालथे पडून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना रायफलचे वजन स्नायूंनी पेलायचे नसते, ते हाडांवर आणि पट्ट्यावर सोडायचे असते. पट्टा योग्य लांबीला बांधला की घोळका डोळ्यांदेखत लहान होतो. एवढ्या कमी पैशात एवढा फरक करणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट बटची लांबी आणि गालाची टेक. लांबी कमी पडत असेल तर मागे रबरी पॅड लावता येते. गाल दर वेळी एकाच जागी टेकावा म्हणून फोमचा तुकडा चिकटपट्टीने बसवला तरी चालते. बट आणि ॲक्शन जोडणारे स्क्रू दर महिन्याला बघावेत. "रायफल बिघडली" म्हणून आलेल्या किती तरी तक्रारी स्क्रू आवळताच मिटतात.

तिसरी गोष्ट साइट. उघड्या साइटवर डोळ्याला तीन अंतरे एकदम सांभाळावी लागतात. पीप साइटच्या भोकातून बघताना डोळा आपोआप मध्य शोधतो आणि लक्ष पुढच्या साइटवर राहते. दुर्बिणीची घाई नको.

चौथी गोष्ट काडतूस. प्रत्येक .२२ बॅरलला एखादे काडतूस मानवते, एखादे मानवत नाही. चार प्रकारची थोडी थोडी काडतुसे घेऊन टेकणावरून मारून बघावीत आणि सर्वांत लहान घोळका देणारी ठेवावीत. सर्वांत महाग तीच चांगली निघतील असे नाही. सुसाट वेगाची काडतुसे टाळावीत. ती आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटतात आणि वाटेत त्या वेगाखाली येताना डळमळू शकतात. मॅचची काडतुसे मुद्दाम त्या वेगाच्या आत ठेवलेली असतात.

ट्रिगर सर्वांत शेवटी, आणि तोही परवानाधारक कारागिराकडूनच. घरी कानस घेऊन बसू नये. तो धोका आहे आणि कायद्याचा प्रश्नही. बॅरल बदलण्याचा विचार तर पहिली काही वर्षे मनातच आणू नये.

गोळी न मारता करायचा कोरडा सराव फुकट असतो, आणि तोच सर्वांत कमी होतो. फक्त रिमफायरमध्ये चेंबर अगदी रिकामा ठेवून ट्रिगर ओढू नये, पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते. मारलेल्या काडतुसाची पुंगळी किंवा सरावाचे डमी काडतूस आत ठेवावे. तेही रेंजवरच, प्रशिक्षकासमोर.

खरा खर्च कुठे आहे हे आता सांगतो. एका सरावाला ६० गोळ्या आणि आठवड्याला तीन सराव धरले, तर वर्षाला ९,३६० गोळ्या होतात. समजा, एका गोळीमागे दहा रुपये जास्त मोजले, तर वर्षाला ९३,६०० रुपये वाढले. रायफल एकदाच घेतो, गोळी रोज लागते. कर्ज काढून रायफल घेणाऱ्या घरात सहा महिन्यांनी गोळ्यांना पैसे उरत नाहीत, रायफल कपाटात जाते आणि पोर घरी बसते. हे मी दोनदा पाहिले आहे.

आणि कपाटातली रायफल हाही प्रश्नच आहे. आमच्या मोहल्ल्यात, आणि खरे तर कुठल्याही साध्या वस्तीत, घरात बंदूक म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो. परवान्यासाठी पोलीस ठाण्यात खेपा, शेजाऱ्यांची कुजबुज, निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस, घरातली लहान मुले. ही भीती खुळी नाही. आपल्या मुली एअर रायफलवर छान मारतात आणि .२२ ची वेळ आली की थांबतात, याचे अर्धे कारण पैसा असेल तर अर्धे हे आहे. क्लबची रायफल ही भीती घरापर्यंत येऊच देत नाही. ती क्लबच्या नावावर, क्लबच्या कुलपात, नोंदवहीत सही करून बाहेर निघते आणि सही करून आत जाते. मूल हात हलवत घरी येते.

आपले मोठे नेमबाज घडले तेही असेच. अंजली भागवत एनसीसीतून आल्या. कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला वाट दाखवली, पुढे रेल्वेच्या नोकरीने आधार दिला. २०१० साली म्युनिकला पालथ्या स्थितीत जागतिक सुवर्ण जिंकणाऱ्या तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या. या सगळ्यांमागे त्यांचे कष्ट आहेतच, पण कुणीतरी आधी उघडून ठेवलेली एखादी रेंज, एखादा प्रशिक्षक, सरावाला मिळालेली एखादी रायफलही आहे.

म्हणून पालकांइतकेच माझे म्हणणे संस्थांनाही आहे. जिल्ह्याच्या क्लबने एक चकचकीत रायफल घेऊन ती काचेत ठेवण्यापेक्षा त्याच पैशात चार साध्या .२२, आठ पट्टे आणि वर्षभराची काडतुसे घ्यावीत. आपल्या शिक्षणसंस्था आणि ट्रस्ट कमानीवर, सभागृहावर खर्च करतात. त्यांनी एकदा क्लबच्या काडतूस निधीला हातभार लावून बघावा. पाच मुलींचा वर्षभराचा सराव त्यातून उभा राहू शकतो.

आणि पालकांनो, पोराला आधी एक वर्ष क्लबच्या रायफलीवर मारू द्या. त्याची टार्गेटची कागदे तारीख घालून जपून ठेवा. वर्षअखेरीस ती ओळीने मांडा. घोळका लहान होत गेला असेल तर रायफलीचा विचार करू. तोवर खिशात हात घालायचा तो गोळ्यांसाठी.