ऱ्हाईनकांठचा शेजारधर्म

ज्यांच्या गांवाकडील वाड्यांत सामाईक विहीर आहे, त्यांस भाऊबंदकी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. रहाट कोणीं दुरुस्त करावा, गाळ कोणीं काढावा, आणि उन्हाळ्यांत पाणी खालावलें म्हणजे आधीं घागर कोणाची भरावी, यावरून चुलत भावांत वर्षानुवर्षें अबोला राहिल्याचीं उदाहरणें बहुतेक कुळांत सांपडतील. भांडणाचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. तें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. आश्चर्य वाटतें तें याचें कीं, अबोला चालू असतांहि गाळ काढण्याच्या दिवशीं दोन्ही घरचीं माणसें दोर घेऊन हजर होतात. अशाच एका मोठ्या विहिरीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. ती विहीर म्हणजे युरोपांतील ऱ्हाईन नदी, आणि तिचे भाऊबंद म्हणजे तिच्या कांठचीं राष्ट्रें होत.

ऱ्हाईन स्वित्झर्लंडच्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारें १,२३० किलोमीटर वाहून नेदरलंड्समध्यें समुद्रास मिळते. वाटेंत कांहीं अंतर ती फ्रान्स व जर्मनी यांची सरहद्द होते. या दोन राष्ट्रांनीं १८७० पासूनच्या सत्तर वर्षांत तीन वेळां एकमेकांवर शस्त्र उगारलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु याच नदीवरील नौकानयनाची व्यवस्था पाहण्यासाठीं १८१५ सालीं व्हिएन्ना येथील परिषदेंत एक संयुक्त मंडळ नेमण्याचें ठरलें, आणि १८६८ सालीं मानहाइम येथील करारानें नदीवरून केवळ जाण्यायेण्याबद्दल जकात घेऊं नये असा निर्बंध झाला, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाहीं. पुढें युद्धें झालीं, सरहद्दी बदलल्या, मंडळाचें ठाणें मानहाइमहून स्ट्रासबुर्ग येथें गेलें. तें मंडळ मात्र आजहि काम करीत आहे. व्यापाराची गरज वैरापेक्षां चिवट असते, एवढेंच यावरून म्हणतां येईल.

परंतु नाव चालविणें निराळें आणि पाणी स्वच्छ राखणें निराळें. नाव चालली तर लाभ सर्वांस होतो. घाण मात्र वरचा टाकतो आणि ती खालच्याच्या पदरीं पडते. नेदरलंड्स हा सर्वांत खालचा शेजारी. कोळशाच्या खाणी, पोलादाचे व रसायनांचे कारखाने, आणि थोर शहरांचीं गटारें यांचें सारें ओझें त्याच्या दारीं येऊन पडे, आणि तेंच पाणी त्याला प्यावें लागे. त्याच्या आग्रहावरून ११ जुलै १९५० रोजीं बाझेल येथें स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबुर्ग व नेदरलंड्स या पांच राष्ट्रांचें एक मंडळ नदीच्या रक्षणासाठीं स्थापन झालें. महायुद्ध संपून पुरतीं पांचच वर्षें झालीं होतीं. ज्यांचीं शहरें जळालीं तीं माणसें आणि ज्यांनीं जाळलीं तीं माणसें एका मेजाभोंवतीं बसलीं. या मंडळाच्या हातीं दंडशक्ति नव्हती. आरंभीं त्यानें मुख्यतः एवढेंच काम केलें कीं, सर्वांनीं नदीचें पाणी एकाच रीतीनें तपासावें आणि आंकडे एकमेकांस दाखवावे. हें काम दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु हिशेबाची वही एक नसेल तर भाऊबंदांचा तंटा कधींहि मिटत नाहीं, हें आमच्या वाचकांस पटेल.

वही एक झाली म्हणून तंटे लगेच मिटले असें मात्र नव्हे. फ्रान्सच्या अल्सास प्रांतांतील पोटॅशच्या खाणी आपलें टाकाऊ मीठ नदींत सोडीत. त्या खाऱ्या पाण्यानें नेदरलंड्समधील फुलांच्या व भाज्यांच्या बागाइतीचें नुकसान होई. बागाइतदारांनीं खाणींवर फिर्याद केली, आणि जेथें नुकसान झालें तेथील न्यायालयांतहि दाद मागतां येते, असा निर्णय युरोपीय न्यायालयानें नोव्हेंबर १९७६ मध्यें दिला. त्याच वर्षीं डिसेंबरांत मिठाचा करार झाला. त्याच्या खर्चाची वांटणी वाचण्यासारखी आहे: फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के, आणि ज्याचें नुकसान होत होतें त्या नेदरलंड्सनें ३४ टक्के! इतकें करूनहि फ्रान्सनें १९७९ सालीं कराराची मंजुरी लांबणीवर टाकली. तेव्हां नेदरलंड्सनें पॅरिसमधील आपला वकील परत बोलाविला. करार अमलांत येण्यास १९८५ साल उजाडलें. ज्यानें सोसलें त्यानेंच अधिक द्यावें, हा न्याय नव्हे. पण निव्वळ न्यायाची वाट पाहत बसला असता तर तो शेजारी खारेंच पाणी पीत राहिला असता. घरांत कधीं कधीं शहाण्या भावाला हेंच करावें लागतें, आणि त्याचें शल्यहि त्यालाच बाळगावें लागतें.

पुढें १ नोव्हेंबर १९८६ च्या रात्रीं बाझेलजवळ रसायनांच्या एका कोठारास आग लागली. विझविण्यासाठीं मारलेल्या पाण्याबरोबर विषारी द्रव्यें नदींत उतरलीं आणि नदी लाल झाली. शेंकडों किलोमीटरपर्यंत मासे मेले. वाम माशांची मोजदाद तर लाखाच्या वर गेली. त्या लाल पाण्यानें जें केलें तें छत्तीस वर्षांच्या बैठकांना साधलें नव्हतें. दुसऱ्याच वर्षीं या राष्ट्रांनीं एक कार्यक्रम आंखला: घातक द्रव्यें दहा वर्षांत निम्म्यानें कमी करावयाचीं, आणि नदींतून नाहींसा झालेला सॅल्मन मासा २००० सालापर्यंत परत आणावयाचा. या कार्यक्रमास कायद्याचें बंधन नव्हतें, तरीहि १९९५ पर्यंत बहुतेक द्रव्यांच्या बाबतींत तो पार पडला. त्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, मिठाच्या करारांत प्रश्न होता पैसे कोणाचे, आणि या कार्यक्रमांत प्रश्न होता मासा येतो कीं नाहीं. सॅल्मन समुद्रांतून येऊन नदीच्या वरच्या भागांत अंडीं घालतो. म्हणून एकाहि राष्ट्रानें कुचराई केली तर तो येत नाहीं. आणि तो दिसला म्हणजे श्रेय सर्वांचें होतें. १९९० सालीं ऱ्हाईनची उपनदी झीग हिच्यांत तो पुन्हा दिसला. त्याच्यासाठीं इफेझहाइम येथील बंधाऱ्याला २००० सालीं मत्स्यमार्ग झाला, गाम्ब्सहाइमला २००६ सालीं. २०२० पर्यंत तो बाझेलला पोंचावा हा संकल्प मात्र त्या वर्षीं पुरा झाला नाहीं. तेव्हां ही कथा संपूर्ण विजयाची नव्हे, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

कोणी म्हणतील, तीं श्रीमंत राष्ट्रें, त्यांचें त्यांस शोभतें. परंतु १९५० सालीं त्यांपैकीं बहुतेक श्रीमंत नव्हतीं, युद्धानें भाजलेलीं होतीं. शिवाय हा मार्ग आमच्या देशाला परका नाहीं. गंगेचें उन्हाळी पाणी फराक्का येथें दर दहा दिवसांच्या हिशेबानें वांटून घेण्याचा तीस वर्षांचा करार भारत व बांगलादेश यांनीं डिसेंबर १९९६ मध्यें केला, तेव्हां पाण्याचें मोजमाप दोन्हीकडील माणसांनीं एकत्र करावें असें त्यांतहि ठरलें. वांटणी थोडी कमीअधिक झाली तरी चालतें; मोजणारे डोळे दोघांचे असले पाहिजेत.

प्रेम असल्याशिवाय सहकार्य होत नाहीं, असें आम्ही मुलांना शिकवितों. ऱ्हाईनच्या कांठीं क्रम उलटा दिसतो. आधीं वही एक झाली, मग नियमित बैठक, मग एक सामाईक हेतु. आणि विश्वास आला तो सर्वांच्या शेवटीं. ज्या घरांत अबोला आहे त्यांनीं मन जुळण्याची वाट पाहूं नये. गाळ काढण्याचा दिवस तेवढा चुकवूं नये, म्हणजे झालें.